गोव्याच्या लग्नाला स्लिप ड्रेस घालायचा तर

मी पहिल्यांदा स्लिप ड्रेस घालून आरशासमोर उभी राहिले तेव्हा आजी दारातून म्हणाली, "अगं, वर काही घालणार आहेस की शमिजेवरच निघालीस?" तिचं काही चुकलं नव्हतं. स्लिप म्हणजे मुळात गाऊनच्या आत घालायचा झगाच. बारीक पट्टे, गुळगुळीत कापड, ना बाही ना कॉलर ना चुण्या. साडीला निऱ्या सावरून घेतात, पंजाबी ड्रेसला ओढणी झाकून घेते. स्लिप ड्रेसमध्ये लपायला जागाच नाही. म्हणून दुकानात सगळं लक्ष रंगाकडे गेलं तरी पैसे आणि वेळ खर्च करायचा तो कापडावर, बेतावर आणि आत काय घालणार त्यावर. कानातलं काय घालायचं हा प्रश्न सगळ्यात शेवटचा.

आपल्या मुहूर्ताच्या लग्नात अक्षता टाकायला हा ड्रेस घालू नये, असं माझं मत. तिथे बसणं-उठणं, वाकून नमस्कार करणं, पंगतीत वाढणं असतं. कपडा त्याला साजेसा हवा. पण गोव्यातल्या कॅथलिक मैत्रिणीचं लग्न असेल, संध्याकाळी रिसेप्शन, बँड आणि नाच असेल, तर याच्याइतका सोयीचा पोशाख नाही. पुढचं सगळं मुख्यतः त्या लग्नासाठी.

आधी पत्रिका वाचा, मग मैत्रिणीला फोन करा

ईस्टरआधीचा उपासाचा काळ आणि नाताळाआधीचे आठवडे कॅथलिक लग्नांसाठी सहसा टाळले जातात. त्यामुळे पत्रिका बहुतेक वेळा येते ती नाताळानंतरची, नाहीतर ईस्टरनंतरच्या एप्रिल-मेची. या दोन हंगामांत फार फरक आहे. जानेवारीच्या रात्री लॉनवर खांद्यावर काहीतरी असलेलं बरं वाटतं. मेमध्ये दुपारी चारच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीला, पाठ आणि पोट घामाने भिजतं. कापड निवडताना महिना डोक्यात ठेवा.

फोनवर विचारायच्या गोष्टी थोड्या आहेत. चर्च आणि रिसेप्शन दोन्हीकडे जायचंय का? मध्ये कपडे बदलायला जागा आहे का? रिसेप्शन हॉलमध्ये, लॉनवर की वाळूत? आणि ब्राइड्समेड मुलींचा रंग कोणता? हा शेवटचा प्रश्न नक्की विचारा. मागे उभ्या असलेल्या सहा मुलींच्या रंगाचा ड्रेस घालून तुम्ही सातव्या दिसलात, तर सगळे फोटो तसेच राहतात.

रंगांबद्दल मी जरा कडक आहे, आणि त्याचं कारण याच ड्रेसच्या इतिहासात आहे. सप्टेंबर १९९६मध्ये कॅरोलिन बेसेटने अमेरिकेतल्या कंबरलंड बेटावर राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या मुलाशी, जॉन केनेडी ज्युनियरशी लग्न केलं ते नार्सिसो रॉड्रिगेझने बेतलेल्या साध्या, पांढरट रेशमी स्लिपसारख्या झग्यात. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राजकन्या डायना न्यूयॉर्कच्या मेट गाला या फॅशन सोहळ्याला गेली ती डिओरचा गर्द निळा, काळ्या लेसचा स्लिप ड्रेस घालून. पहिला नवरीचा, दुसरा पाहुणीचा. पांढरा, मोतिया, सायीचा, शॅम्पेन, अगदी फिकट गुलाबी हे सगळे रंग या बेतात नवरीकडेच जातात. फ्लॅशखाली फिकट गुलाबी सरळ पांढरा दिसतो. लाल रंगाबद्दलही गोव्यात विचारून घ्या, कारण नवरीचा 'सादो' म्हणजे लाल पोशाख, तो घरी शिंप्याला बोलावून समारंभाने बेतला जातो, आणि लग्नानंतर ती तो घालते. काळा रिसेप्शनला चालतो, पण घरातल्या वयस्क बायकांना तो दुखवट्याचा वाटू शकतो. आपल्याकडे संक्रांतीची चंद्रकळा सोडली तर काळ्याला मान नाही, तसंच काहीसं. मग उरतं काय? बाटलीचा हिरवा, वांगी, मोरपंखी, गर्द निळा, गंजाचा तांबूस, मोहरी. भरपूर आहे.

कापड हातात घेऊन बघा

सॅटिन हे धाग्याचं नाव नाही, विणीचं आहे. पॉलिस्टरचं सॅटिन असतं, व्हिस्कोसचं असतं, रेशमाचंही असतं, आणि तिन्ही दुकानात एकाच फळीवर 'सॅटिन' म्हणून लटकत असतात. आतली चिठ्ठी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पॉलिस्टर सॅटिन स्वस्त, चुरगळत नाही, धुवायला सोपं. पण हवा खेळत नाही. जानेवारीत ते निभतं. मेच्या उकाड्यात प्लॅस्टिकची पिशवी घातल्यासारखं होतं. व्हिस्कोस सॅटिन थंड आणि सुंदर पडतं, मात्र पाण्याचा थेंब पडला की त्याचा गोल डाग बसतो आणि चुण्याही लवकर पडतात. रेशमी सॅटिन सगळ्यात देखणं आणि सगळ्यात लाडावलेलं. रेशमाचं वजन 'मॉमी' या मापात सांगतात. एक मॉमी म्हणजे चौरस मीटरला साधारण ४.३४ ग्रॅम. १६च्या खालचं कापड ड्रेससाठी पातळ पडतं, आतलं सगळं दिसतं. १९ ठीक, २२ असेल तर उत्तम. विक्रेत्याला मॉमी सांगता आलं नाही तर कापड हातावर ठेवून बघा: बोटांच्या रेषा आरपार दिसत असतील तर अस्तराशिवाय घेऊ नका.

माझी आवड मात्र क्रेप सॅटिन. एका बाजूला चकाकी, दुसऱ्या बाजूला मंद, किंचित खरखरीत क्रेप. ती मंद बाजू बाहेर ठेवून शिवून घेतलं की निम्म्या अडचणी सुटतात. सॅटिनची चकाकी जिथे उंचवटा असतो तिथे प्रकाश पकडते, म्हणजे पोटावर, मांडीवर आणि आतल्या शिवणींवर. क्रेपवर हे होत नाही, घामाचे डागही कमी उठून दिसतात. घामाचं म्हणाल तर राखाडी आणि मधल्या छटांचे रंग सगळ्यात वाईट. गर्द रंग आणि बारीक छापील नक्षी सगळ्यात क्षमाशील.

उरेब म्हणजे काय आणि ते का विचारायचं

ब्लाऊजच्या गळ्याला शिंपी उरेब पट्टी लावतो, ती वळणावर न चुरता बसते. का? कापडाचा ताणा उभा, बाणा आडवा. त्या दोन्ही दिशांना कापड ताणत नाही. पण ४५ अंशांत तिरकं कापलं की त्याला ओढ मिळते आणि ते अंगाच्या वळणावर वळतं. पॅरिसच्या मादलेन व्हिओने यांनी १९२०-३०च्या दशकांत अख्खे गाऊन असे तिरके बेतले, आणि स्लिप ड्रेसची ती ओळखीची, पाण्यासारखी पडणारी घडण तिथून आली.

दुकानात ओळखायचं असं: नितंबाच्या भागात कापड दोन हातांत आडवं धरून हलकेच ओढा. किंचित लवचीक वाटलं तर उरेब, ताठ राहिलं तर सरळ काप. तिरक्या कापाला कापड जास्त लागतं, म्हणून स्वस्तातले तयार ड्रेस बहुधा सरळ असतात, आणि कमरेत इलॅस्टिक किंवा टक्स घालून आकार आणलेला असतो.

सरळ काप वाईट नाही. उरेब ड्रेस पोट आणि नितंब यांना चिकटून खाली उतरतो. ज्यांना ते नको असेल त्यांनी सरळ काप, बाजूला चीर आणि एक माप मोठं घ्यावं. नाचायचं मनात असेल तर मी उरेबच घेईन, कारण गुडघ्याखाली घेर सुटतो आणि पाऊल मोकळं पडतं.

खोलीत करायच्या परीक्षा

ट्रायल रूममध्ये उभं राहून पोट आत घेतलेला फोटो निरुपयोगी. मी हे एकदा शिकले. पॉलिस्टरचा, अंगाला घट्ट बसणारा ड्रेस घालून चर्चच्या बाकावर बसले आणि मांडीच्या बाजूची शिवण कुरकुरली. उसवली नाही, पण धागे सरकून शिवणीलगत जाळी पडली. संपूर्ण मिस्सा मी स्टोल कमरेवर धरून काढली. प्रार्थनेला सगळ्यांबरोबर उठायची आणि लगेच बसायची वेळ आली की देव आठवायचा.

म्हणून आता पहिलं काम, शिवणीच्या दोन्ही बाजूंना कापड धरून अलगद ओढून बघते. टाक्यांजवळ जाळी दिसली की ड्रेस परत. मग खुर्चीवर बसते, पूर्ण टेकून. बसल्यावर नितंबावर आडव्या सुरकुत्या आल्या तर माप लहान आहे, लेबलवर काहीही असो. दोन्ही हात वर करते, कारण नाचात ते वर जाणारच. पट्टा खांद्यावरून घसरला किंवा गळा सुटला तर कळतं. पुढे वाकते आणि आरशात गळ्यातून काय दिसतं ते बघते. घोळदार गळ्याचा ड्रेस उभ्याने सभ्य असतो आणि वाकल्यावर अजिबात नसतो. शेवटी खिडकीकडे पाठ करून मैत्रिणीला फ्लॅशसकट आणि फ्लॅशशिवाय फोटो काढायला लावते. उजेड आरपार येतोय का, हे फक्त त्यातून समजतं.

आतलं

हा भाग सगळे शेवटच्या दिवसावर टाकतात आणि मग धावपळ होते.

बारीक पट्ट्यांतून ब्राचे पट्टे दिसणं मला चालत नाही. तुम्हाला चालत असेल तर हरकत नाही, पण मग ते स्वच्छ आणि नवे असू द्या. अंगाला चिकटवायची सिलिकॉन ब्रा जानेवारीत ठीक. तिच्यासाठी त्वचा कोरडी हवी, आधी क्रीम किंवा पावडर लावायची नाही. मेच्या घामात तिच्यावर माझा भरवसा नाही, ती तिसऱ्या गाण्याला सोडून जाते. मग काय करायचं? आपल्या ब्लाऊजवाल्या शिंप्याकडे जायचं. पॅडेड ब्लाऊजला तो कप शिवतो, तेच कप ड्रेसच्या आतून टाचून घ्यायचे, बाहेर टाका न येता. भरलेली छाती असेल तर मुळात रुंद पट्ट्यांचा आणि पाठीला जरा वर असलेला ड्रेस निवडा, म्हणजे नेहमीची ब्रा आत बसते. चार तास अवघडून उभं राहण्यापेक्षा ते शंभरपट बरं.

खालचं अंतर्वस्त्र शिवणविरहित आणि आपल्या त्वचेच्या रंगाचं. फिकट कापडाखाली पांढरं घालू नका. पांढरंच सगळ्यात जास्त दिसतं. मांड्या घासत असतील तर त्याच रंगाची पातळ, सुती मिश्रणाची शॉर्ट घाला. तिची कड मांडीत रुतली तर कापडावर रेघ उमटते, म्हणून माप सैलच.

परदेशात हिवाळ्यातलं लग्न असेल तर आणखी एक डोकेदुखी: कोरड्या हवेत पॉलिस्टर पायांना चिकटत राहतं. पायांना मॉइश्चरायझर लावा, आणि घालण्याआधी तारेचा धातूचा हँगर ड्रेसच्या आतून फिरवा. गोव्याच्या दमट हवेत हे प्रकरण क्वचितच उद्भवतं. परदेशातल्या पत्रिकेवर 'ब्लॅक टाय' लिहिलं असेल तर पायघोळ लांबी घ्या, 'कॉकटेल' असेल तर पोटरीपर्यंतची पुरे.

शिंप्याकडे

लग्नाच्या तीन आठवडे आधी ड्रेस हातात हवा. दुरुस्तीची पहिली गोष्ट पट्टे. ते लांबच असतात, आणि लांब पट्ट्यांमुळे गळा खाली येतो. मागच्या बाजूने आखूड करून घ्या. सरकणारी कडी असेल तर माप ठरल्यावर तिथे दोन बारीक टाके घाला, नाचताना सरकणार नाही.

दुसरी लांबी. त्या दिवशीच्याच चपला घालून माप द्या. पोटरीच्या सगळ्यात जाड भागावर कड आली तर पाय आखूड दिसतो. तिच्या जरा खाली, घोट्याकडे निमुळत्या होणाऱ्या भागावर आणा. आणि उरेब कापड असेल तर कड कापण्याआधी ड्रेस एक-दोन रात्री टांगून ठेवायला सांगा. तिरकं कापड स्वतःच्या वजनाने उतरतं, आणि सगळीकडे सारखं उतरत नाही. आज सरळ कापलेली कड परवा वाकडी होते. पिको करू देऊ नका, उरेबवर लाटा येतात. बारीक दुमडून हाताने शिलाई हवी. सॅटिनला सुया-टाचण्यांची भोकं राहतात, तेव्हा टाचण्या फक्त शिवणीच्या मार्जिनमध्ये.

शिवूनच घ्यायचा असेल तर ४४ इंच पन्ह्याचं कापड, उंचीप्रमाणे, तीन ते साडेतीन मीटर धरा. आईची जुनी क्रेप साडी कपाटात असेल तर अतिउत्तम. पैठणीच्या मागे लागू नका. ती ताठ आहे, काठ आहेत, तिरकी कापली तर साडीही जाते आणि ड्रेसही होत नाही. शिंप्याला एकच प्रश्न विचारा, आजवर उरेब ड्रेस शिवला आहे का. उत्तर देताना तो थांबला तर आधी स्वस्त कापडावर एक शिवून घ्या.

चर्चमध्ये खांदे, लॉनवर टाचा

चर्चमध्ये खांदे झाकायचे. काही चर्चच्या दारात तसा फलकच असतो, नसला तरी पद्धत तीच. झाकायला काय घ्यायचं याचा विचार हवा, कारण सॅटिनवरून सगळं घसरतं. चंदेरीचा किंवा ऑर्गन्झाचा पातळ, लांब, पुढून उघडा जॅकेटसारखा अंगरखा मला सर्वांत आवडतो: बाह्या आहेत, सावरावा लागत नाही, आणि रिसेप्शनला काढून ठेवता येतो. ओढणी किंवा शेला घेतलात तर पिन ड्रेसच्या कापडाला न लावता पट्ट्याच्या शिवणीत लावा. जरदोसी, आरशे, टिकल्या असलेलं काहीही नको. त्याच्या एका खड्याने सॅटिनचा धागा ओढला की तो ओरखडा कायमचा. अणकुचीदार अंगठ्या, कंगोऱ्यांच्या बांगड्या आणि मण्यांची पर्स यांनाही हाच नियम.

दागिन्यांत गळा निर्णय देतो. घोळदार गळ्यावर गळ्यात काही नको. मोत्याची कुडी पुरे. सरळ किंवा व्ही गळ्यावर ठुशी फार छान बसते. मानेलगत राहते, कापडाला टेकत नाही, आणि बाटलीच्या हिरव्यावर सोन्याचे मणी जितके खुलतात तितका हिऱ्याचा हार खुलणार नाही. मोतीच हवे असतील तर चिंचपेटी. तन्मणी मात्र सॅटिनवर लोळते, मला नाही आवडत. नथ या पोशाखात नको. ती साडीची आहे. केस वर बांधा, पाठ दिसू द्या, एक मोगऱ्याचा गजरा चालेल. मात्र ओला गजरा पाठीला लागून कापडावर डाग पडतो, तेव्हा आधी झटकून वाळवा.

चपलांना लॉनवर पेन्सिल टाच नको, जमिनीत रुतते. जाड टाच घ्या, नाहीतर सपाट सोनेरी चप्पल. पणजीच्या चर्चच्या नागमोडी पायऱ्या पाहिल्या असतील तर कळेल की अरुंद, घोट्यापर्यंतचा ड्रेस चीर नसेल तर किती जाचतो.

पोचल्यापासून परतीपर्यंत

बॅगेत घडी घालू नका. जुनी मलमलची ओढणी पसरा, तिच्यावर ड्रेस ठेवा आणि सैल गुंडाळी करा. हॉटेलात पोचल्या पोचल्या टांगा, न्हाणीघरात गरम पाण्याची वाफ करून दहा-पंधरा मिनिटं ठेवा. इस्त्री करायचीच तर उलट्या बाजूने, मंद, वर सुती कापड ठेवून. पाणी शिंपडायचं नाही. परगावच्या इस्त्रीवाल्याकडे दिलात तर तो सवयीने पाणी शिंपडतो, आणि तुम्ही तिथे उभ्या नसता. अत्तर किंवा परफ्यूम कपडे घालण्याआधी, अंगावर. डिओडरंट पूर्ण वाळल्यावर ड्रेस डोक्यावरून न घालता शक्य असेल तर पायांतून वर घ्या, म्हणजे मेकअप लागत नाही.

जेवताना सोर्पोतेलचा, म्हणजे गोव्यातल्या पोर्कच्या पदार्थाचा, रस्सा सांडला तर चोळू नका. रुमालाने टिपा, मग टाल्कम पावडर टाकून दहा मिनिटं ठेवा, तेल शोषून घेते. नंतर झटका. पर्समध्ये पावडरची छोटी डबी असू द्या. पाण्याचा थेंब पडला तर त्याला बोटही लावू नका. वाळू द्या, घरी आल्यावर पूर्ण पुढचा भाग वाफेवर धरा. पुसलात की गोल पसरतो.

घरी आल्यावर घामाचा कपडा कपाटात जाऊ नये. चिठ्ठीवर हाताने धुवा असं असेल तर थंड पाणी, सौम्य साबण, पिळायचं नाही. रेशीम असेल तर मी ड्रायक्लीनिंगला देते आणि डाग कुठे, कशाचा ते सांगून देते. वाळल्यावर उरेब ड्रेस महिनोन्‌महिने टांगू नका, पट्ट्यांवर लोंबून तो आणखी लांब होतो. आतले कप पालथे घालून, मलमलमध्ये सैल घडी करून, जड साड्यांच्या वर ठेवा.